पाठ टेकली का?

माझ्या मामाला आमच्या भागात ‘जुनी रिंग’ म्हणतात. रस्त्यापलीकडून कुणी ओरडलं, “काय जुनी रिंग, आज बंद का?” की मामा हात वर करून म्हणतो, “चालू आहे, या.” नवख्या माणसाला वाटतं, वयावरून चेष्टा चाललीये. तसं नाही. मामाचं मूळ टोपणनाव कानसेन होतं आणि ते त्याला फार शोभायचं. जुनी रिंग हे नाव आधी दुसऱ्याच्या माथी होतं, ते मामाने स्वतः मागून घेतलं. कसं ते सांगते. पण मी त्याची भाची असले तरी या प्रकरणात त्याच्या बाजूची नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. अजूनही पुरती नाही.

मामाचं गॅरेज बाजाराच्या टोकाला. पुढे पत्र्याची शेड, मागे इंजिन उघडायची खोली. पुढचं राज्य मामाचं, मागचं बाबांचं. बाबा म्हणजे माझे वडील, मामाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे मामाचे भावोजी. मामा बोनेट न उघडता नुसता कान देऊन सांगायचा की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, कुठला पट्टा सैल झालाय. गिऱ्हाईक खूश. मग गाडी मागे जायची आणि बाबा ती तोंडातून शब्द न काढता दुरुस्त करायचे. एकाने बोलायचं, एकाने करायचं. अशी जोडी लग्नातसुद्धा जमत नाही, असं आई म्हणायची, आणि म्हणताना बाबांकडे बघायची. मी शेडच्या कोपऱ्यात टेबल टाकून बिलं करायचे, फोन घ्यायचे, म्हणून मामा मला मॅनेजर म्हणायचा.

दोघांच्या वयात फारसं अंतर नव्हतं. एकाच डब्यात जेवायचे, एकाच पान्यासाठी हात पुढे करायचे. तरी मामा बाबांना कायम ‘अहो भावोजी’ म्हणायचा. ‘तू’ कधीच नाही, चेष्टेतही नाही. गॅरेज मामाच्या नावावर होतं, पण त्या ‘अहो’मुळे मालक कोण आणि नोकर कोण हा प्रश्न आमच्याकडे कधी उभाच राहिला नाही.

दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी तिची परीक्षा व्हायची. मामा ती पाण्याच्या टाकीपर्यंत फिरवून आणायचा. त्या रस्त्यावर शाळा, गतिरोधक, भाजीवाले, मधेच उलट्या बाजूने येणारे सायकलवाले. तिसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. टाकीच्या अलीकडे जरासा मोकळा तुकडा लागायचा. तिथे मामा ॲक्सिलरेटर दाबायचा आणि आपली पाठ सीटला दाबली जाते का ते बघायचा. पाठ टेकली, म्हणजे गाडीला पिकअप आहे. कुस्तीत ज्याची पाठ टेकते तो हरतो, आमच्याकडे ज्याची टेकत नाही तो. गाडी परत आली की बाबा मागच्या दारात येऊन एवढंच विचारायचे, “टेकली का?” मामा म्हणायचा, “टेकली, भावोजी.” की झालं. वर्षानुवर्षं हीच परीक्षा होती आणि ती अपुरी आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग गावाबाहेरून बायपास झाला. रुंद, सरळ, मधे दुभाजक. ज्यांनी जन्मात चौथा गिअर टाकला नव्हता ते पाचवा टाकायला लागले. आणि तक्रारी सुरू झाल्या.

पहिला आला टॅक्सीवाला. तो आमचा जुना गिऱ्हाईक आणि गावाचं वर्तमानपत्र. म्हणाला, “इंजिन तुम्हीच बांधलंत ना? साठपर्यंत वासरासारखी उधळते. ऐंशीच्या पुढे पाय खाली नेऊन टेकवा, पठ्ठी ढिम्म. वाढते, पण मेहरबानी केल्यासारखी.” मामाने हसून त्याला वाटेला लावलं. नंतर दातांची डॉक्टरीण आली. तिच्याही गाडीचं इंजिन बाबांनी नुकतंच बांधून दिलं होतं. तिचंही तेच. “ओव्हरटेक करायला गेले, गाडी पुढे सरकेचना. समोरून ट्रक होता. कशीबशी ब्रेक दाबून मागे आले.” आधी ती गाडी त्या वेगाला कशी होती, हे तिलाही माहीत नव्हतं. रस्ताच नव्हता, तर माहीत कुठून होणार?

मामाने तिची गाडी घेतली आणि पहिल्यांदाच परीक्षेला टाकीऐवजी बायपासला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तीसला पाठ टेकली होती, पन्नासला जराशी. ऐंशीला जिथल्या तिथे. वरच्या गिअरला जोर कमी पडतो हे त्याला कळत होतं, पण इतका? खालचा गिअर टाकून बघितला, इंजिन नुसतं किंचाळलं.

इथे रिंगांचं सांगायला हवं. इंजिनाच्या आत पिस्टन खालीवर होतो, त्याच्या अंगावर पोलादी कड्या असतात. त्या झिजल्या की जोर फटीतून निसटून जातो. बाबा रिंगा कायम एकाच दुकानातून घ्यायचे. ते दुकान बंद झालं होतं आणि या दोन्ही गाड्यांच्या रिंगा बाबांनी दुसरीकडून आणल्या होत्या. मामाला एवढं पुरलं. एरवी ज्याचे कान इतके तिखट, त्याने या वेळी इंजिनाचं काहीच ऐकलं नाही, स्वतःच्या संशयाचं ऐकलं.

शेडमध्ये डॉक्टरीण होती, टॅक्सीवाला होता, बॅटरी बदलून घ्यायला आलेलं एक जोडपं होतं. मामाने बाबांना मागून बोलावलं.

“ह्यात रिंगा कुठल्या टाकल्यास?”

बाबांना आधी वाटलं, तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय. त्यांनी मागे वळून बघितलं.

“तुलाच विचारतोय. जुन्या टाकल्यास ना पुसून?”

“नव्या आहेत,” बाबा म्हणाले.

“मग ऐंशीला पाठ का टेकत नाही? सांग ना. का टेकत नाही?”

ऐंशीच्या वेगाने बाबा जन्मात कधी गेले नव्हते. ते मामाकडे बघत राहिले, मग हातातल्या फडक्याकडे. गप्प माणसाचं हे वाईट असतं, तो निर्दोष असतानाही तसाच गप्प बसतो. टॅक्सीवाल्याने भुवया उंचावल्या. बाबांनी मागे जाऊन आपली हत्यारांची पेटी उचलली आणि रस्त्याला लागले.

दोन-चार दिवसांत नाव पडलं. बाबा बाजारात गेले की कुणीतरी मागून म्हणायचं, “जुनी रिंग चालली.” मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल एवढं. ज्या माणसाने आयुष्यभर इंजिनात वापरलेला वॉशरसुद्धा परत बसवला नाही, त्याला हे. बाबांनी बाजार सोडला. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याकडे काम मागायला गेले, तर तो म्हणाला, “तुमचं ऐकलंय मी,” आणि पुन्हा बोनेटखाली वाकला.

मी मात्र गॅरेज सोडलं नाही. लोकांना वाटलं, पोरगी मामाच्या बाजूने गेली. खरं असं की मामाकडे रोज कुणीतरी बघायला हवं होतं. मी टेबलाशी बसून बघायचे. बिलापुरतं बोलायचे. तो “मॅनेजर, चहा?” म्हणायचा आणि मी “नको” म्हणायचे. मला ते छान जमत होतं.

खरा त्रास घरी होता. बाबा मामावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते स्वतःवरच संशय घ्यायला लागले होते. मिक्सर उघडायचे, बसवायचे, पुन्हा उघडायचे. एकदा मला म्हणाले, “तू बिलं करायचीस ना. आठवून बघ जरा, डॉक्टरीणबाईंचं इंजिन बसवलं तेव्हा मला ताप होता का?”

“नव्हता, बाबा.”

“मग डोळे असतील. डोळ्यांचं काही सांगता येत नाही या वयात.”

त्यांना रिंगांबद्दल शंका नव्हती, हाताबद्दल होती. केलेल्या चुकीची लाज कळते. पण न सापडणाऱ्या चुकीसाठी मान खाली घालून बसलेला बाप बघणं मला सोसत नव्हतं.

इकडे मामाने डॉक्टरीणबाईंचं इंजिन स्वतः उघडलं. रिंगा कोऱ्या करकरीत निघाल्या. बसवल्याही होत्या अशा की त्याने त्यांना हात लावून नुसतं बघत बसावं. मी टेबलावरून बघत होते. “नव्याच आहेत वाटतं,” मी म्हणाले. त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. मग पंप बदलला, फिल्टर बदलले, सगळं साफ केलं. गाडी ऐंशीला होती तशीच. तेव्हाच त्याने पेटी घेऊन गेलेल्या माणसाच्या घरी जायला हवं होतं. पण तो आणखी दोष शोधत राहिला, कारण गाडीत दोष सापडला नाही तर तो कुणात आहे हे उघड होतं.

ते उघड केलं फर्निचरवाल्याने. त्याने शोरूममधून कोरी गाडी आणली होती आणि सीट कव्हरच्या निमित्ताने ती मिरवायला आमच्याकडे आला होता. मामाने बायपासला एक चक्कर मागितली. मागच्या सीटवर मी बसले, न विचारताच. तीसला आम्हा तिघांच्याही पाठी सीटला चिकटल्या. साठला कमी. ऐंशीला आणखी कमी. शंभरच्या पुढे गाडी वाढत होती की नाही हे काट्याकडे बघूनच कळत होतं. जिच्या इंजिनाला गावातल्या कुणाचा हात लागलेला नाही, अशी कोरी गाडी.

मामाने गाडी कडेला घेतली.

“काय झालं? बिघाड आहे का?” फर्निचरवाला घाबरला.

“नाही,” मामा म्हणाला. “गाडीत नाही.”

मला वाटलं, आता हा थेट आमच्या घरी येणार. आला नाही. लाज माणसाला सरळ चालू देत नाही. आमच्या इमारतीखाली येऊन तो कुणाच्यातरी स्कूटरचं चाक बघत उभा राहायचा आणि निघून जायचा. आई खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. त्याने आईकडे निरोप पाठवला, की भावोजींना म्हणावं, काम खूप साठलंय. आईने निरोप बाबांपर्यंत पोचवलाच नाही. “हा काय निरोप झाला?” म्हणाली.

मामाला वाटत होतं, नुसती माफी मागायला जायचं तर कारण तरी हातात हवं. पाठ का टेकत नाही, हा प्रश्न त्याने चारचौघांत विचारला होता. त्याचं उत्तर आता त्यालाच द्यायचं होतं.

ते मिळालं धक्का मारताना. डॉक्टरीणबाईंची गाडी इतके दिवस उभी राहून बॅटरी उतरली होती. बाई स्टिअरिंगवर बसल्या, मागून मामा आणि मी. पहिल्यांदा गाडी हलेना. आम्ही खांदे लावले, पाय रोवले, अंगातलं सगळं लावलं, तेव्हा ती सरकली. मग चालायला लागली, मग पळायला. आम्हीही पळायला लागलो, हात डिकीवर, पण हातात जोर कसला, नुसते टेकलेले. बाईंनी क्लच सोडला, इंजिन सुरू झालं, गाडी पुढे गेली. मी धापा टाकत बाजूला बसले. मामा रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या तळव्यांकडे बघत उभा होता. मागून हॉर्न वाजत होते.

“मॅनेजर,” तो म्हणाला, “गाडी उभी होती तेव्हा आपण जास्त ढकललं की पळत होती तेव्हा?”

“उभी होती तेव्हा. नंतर तिच्या मागे धावण्यातच सगळा जीव गेला.”

“आपली ताकद कमी झाली का?”

“तेवढीच होती. उलट जास्तच लागली.”

“मग इंजिनाचं वेगळं काय?” तो म्हणाला, आणि फुटपाथवर माझ्या शेजारी येऊन बसला.

तिथे बसून त्याने ते मला सांगितलं, अडखळत, हातवारे करत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन एका सेकंदात जेवढं काम करू शकतं तेवढंच करणार. गाडी सावकाश असते तेव्हा तेवढं सगळं काम थोड्याशा अंतरात ओतलं जातं, म्हणून धक्का दणदणीत, म्हणून पाठ टेकते. गाडी दुप्पट वेगाने पळायला लागली की तेच काम दुप्पट अंतरावर पसरतं. धक्का निम्मा. इंजिन कमजोर झालेलं नसतं, पळून पळून त्याचा धक्का पातळ झालेला असतो.

बाई गाडी वळवून परत आल्या होत्या आणि काच खाली करून ऐकत होत्या. “आणि वारा,” त्या म्हणाल्या. “वेग दुप्पट झाला की समोरच्या हवेचा अडथळा दुप्पट नाही होत, चौपट होतो. म्हणजे इकडे धक्का कमी झालेला, आणि जो उरला त्यातून आधी वाऱ्याचं भागवायचं. शेवटी एक वेग असा येतो की सगळा धक्का वाऱ्यापायीच खर्च होतो. मग गाडी पळते, पण वेग वाढत नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

बाई लाल झाल्या. “शाळेत शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. गाडीत बसल्यावर आठवलं नाही.” मग हळूच म्हणाल्या, “त्या दिवशी मीही तिथेच उभी होते.”

त्याच संध्याकाळी मामा घरी आला. या वेळी स्कूटर न बघता वर आला. बाबा खिडकीपाशी बसले होते. मामाने बसायच्या आधीच धक्का सांगितला, वारा सांगितला, फर्निचरवाल्याची कोरी गाडी सांगितली. उघडलेलं इंजिन आणि त्यातल्या रिंगाही सांगितल्या. बाबा पुढे सरकून ऐकत होते. मधेच म्हणाले, “म्हणजे उतारावर जरा बरं पडत असेल.” मामा म्हणाला, “पडणारच.” दोघं असे रंगले की जणू काही झालंच नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटताना मला दिसत होता. त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून बघितले.

आई दारात उभी होती. “गाडीचं झालं?” ती म्हणाली. “आता माणसाचं बोल.”

मामाने मान खाली घातली. “मला लाज वाटते, ताई.”

“वाटू दे. वाटून झाली की बोल.”

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती. “भावोजी,” तो शेवटी म्हणाला, “मी तुम्हाला ‘तू’ म्हणालो.”

संशय घेतला असं नाही म्हणाला. चोर ठरवलं असंही नाही. त्याला बरोबर कळलं होतं की त्या दिवशी आधी काय तुटलं.

“शेडमध्ये म्हणालास,” बाबा म्हणाले. एवढंच. मग उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेटी घेऊन माझ्याबरोबर निघाले. गॅरेजपाशी आल्यावर ते रस्त्याच्या कडेला थांबले, शेडच्या सावलीबाहेर. आत गिऱ्हाइकं होती आणि टॅक्सीवाला तर होताच.

“अरे वा,” तो म्हणाला, “जुनी रिंग परत आली.”

मामा गाडीखाली होता. तो बाहेर सरकला, उभा राहिला. तोंडाला ग्रीस, हातात पाना. “ते नाव ह्यांचं नाही,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “मी ते इंजिन उघडून बघितलं. रिंगा नव्या होत्या आणि मी जन्मात बसवू शकणार नाही अशा बसवल्या होत्या. ऐंशीला कुठलीच गाडी पाठ टेकवत नाही, कंपनीची कोरीसुद्धा नाही. मला ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तर गप्प बसायचं, तर मी ह्यांना चोर म्हणालो. झिजलेला मी आहे. जुनी रिंग मला म्हणा.”

“जाऊ द्या हो, गंमत होती,” टॅक्सीवाला म्हणाला.

“मग ह्यापुढे गंमत माझी करा.” आणि मग तो रस्त्याकडे वळला. “भावोजी, तुम्ही आत या.”

बाबा आत आले. सरळ मागच्या खोलीत गेले आणि पेटी जागेवर ठेवली.

नाव टॅक्सीवाल्याने इमानेइतबारे गावभर फिरवलं, या वेळी योग्य माणसाच्या नावाने. आता पोरंसोरंही मामाला तेच म्हणतात आणि तो ओ देतो. म्हणून मी म्हटलं की त्याने ते मागून घेतलं. नाव परत घेता येतं, हे मी बघितलं.

बाकीचं येत नाही. आता दुरुस्त झालेल्या प्रत्येक गाडीची परीक्षा बायपासला होते आणि बाबा स्वतः बरोबर जातात. पूर्वी कधी जात नसत. मामा चालवतो, बाबा शेजारी ताठ बसतात, कधीमधी बिलांचा कंटाळा आला की मी मागे. वेग का वाढत नाही ते बाबांना ठाऊक आहे. धक्का, अंतर, वारा, सगळं ते मामापेक्षा सोपं करून सांगतात. तरी काटा ऐंशीच्या पुढे गेला की त्यांची बोटं मांडीवर आवळली जातात आणि ते समोर बघत विचारतात, “टेकली का?”

मामाला दर वेळी उत्तर द्यावं लागतं.

“नाही टेकली, भावोजी. तुमचं काम बरोबर आहे.”

बाबा मान हलवतात. आणि पुढची गाडी झाली की पुन्हा विचारतात.